टॉरेंट चालू केलं की घरातलं सगळं नेट झोपतं, लिमिट लावूनसुद्धा

वायरीचा गुंता:
नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.
नाशिकला घरी लोकल केबलवाल्याचं फायबर आहे, प्लॅन १०० एमबीपीएसचा. एक जुना डेस्कटॉप आहे त्यावर भाच्याने दिवाळीच्या सुट्टीत क्यूबिटटोरेंट (टॉरेंट उतरवायचं सॉफ्टवेअर) टाकून दिलं कारण बाबांना इंटरनेट आर्काइव्हवरची जुनी मराठी पुस्तकं उतरवायचा नाद लागलाय, ती डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची स्कॅन केलेली असतात ना, ती. शिवाय भाच्याच्या स्वतःच्या लिनक्सच्या आयएसओ (इन्स्टॉल करायच्या मोठ्या फायली) पण त्यातच. मशीन रात्रंदिवस चालू असतं.
आता त्रास असा की ते चालू असलं की बायकोच्या टीम्सच्या मीटिंगमध्ये आवाज तुटतो, आईचा पुण्याला ताईशी व्हॉट्सॲप व्हिडिओ कॉल गोठतो, साधी बँकेची साईट उघडायला वेळ लागतो. मला वाटलं डाउनलोड जास्त ओढतंय म्हणून डाउनलोड लिमिट २ एमबी प्रति सेकंद लावली. म्हणजे १६ एमबीपीएस. तरी तेच! १०० मधले १६ वापरले तर बाकीचे ८४ जातात कुठे? डेस्कटॉप बंद केला की सगळं एकदम मस्त चालतं. केबलवाला येऊन लॅपटॉपवर स्पीडटेस्ट ९५ दाखवून गेला (तेव्हा डेस्कटॉप बंद होता अर्थात) आणि म्हणाला आमच्याकडून काही प्रॉब्लेम नाही.

चहाबाज:
डीएनएस (साईटच्या नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) बदलून बघा, १.१.१.१ किंवा ८.८.८.८ टाका. माझ्याकडे फरक पडला होता.

दुपारची झोप:
राउटर कुठे ठेवलाय? टीव्हीच्या मागे असेल तर बाहेर काढा. आणि ५ गीगाहर्ट्झवर जोडा सगळं.

सरळमार्गी:
टॉरेंट बंद करा, हाच उपाय. चोरीचा माल उतरवायचा आणि वर नेट स्लो म्हणून तक्रार करायची.

वायरीचा गुंता:
@सरळमार्गी, पुस्तकं आर्काइव्हवरची आहेत हो, त्यांच्या साईटवर पुस्तकाशेजारीच टॉरेंटची लिंक देतात. डेबियन, लिबरऑफिसवालेसुद्धा स्वतः टॉरेंट ठेवतात. भांडण नको, उपाय सांगा.
@चहाबाज डीएनएस बदललं, दहा मिनिटं बरं वाटलं मग पुन्हा तेच.
@दुपारची झोप डेस्कटॉप वायरने जोडलाय, आणि बायकोचा लॅपटॉप राउटरच्या खोलीतच असतो.

रातपाळी:
थांबा थांबा, सगळे डाउनलोडबद्दल बोलताय, अपलोड किती आहे ते कुणी विचारलंच नाही. टॉरेंटमध्ये तुम्ही घेता तसंच देताही असता, आणि तुम्ही लिमिट लावलीय ती घेण्यावर. देण्यावर काहीच नाही. भाच्याने ठेवलेल्या जुन्या फायली तर नुसत्या देतच असतील चोवीस तास.
एक काम करा. बायकोच्या लॅपटॉपवर (शक्यतो वायर लावून) कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरला पिंग (पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड) चालू ठेवा म्हणजे १९२.१६८.१.१ किंवा जो काही असेल तो, दुसरीत ८.८.८.८ ला. दोन्हीकडे शेवटी डॅश टी, म्हणजे बंद करेपर्यंत चालत राहील. मग टॉरेंट चालू असताना आणि बंद असताना, दोन्ही वेळचे आकडे इथे टाका. आणि स्पीडटेस्टमध्ये अपलोडचा आकडा किती येतो तोही, डेस्कटॉप बंद ठेवून.

वायरीचा गुंता:
केलं.
डेस्कटॉप बंद: डाउनलोड ९५, अपलोड २०. राउटरला पिंग १ एमएस (मिलिसेकंद), ८.८.८.८ ला ७-८.
टॉरेंट चालू: राउटरला १ च. ८.८.८.८ ला ५८०, ६१०, ६४०, मधेच रिक्वेस्ट टाइम्ड आउट.
प्लॅनमध्ये अपलोड फक्त २० आहे हे मला आजच कळलं, जाहिरातीत तर १०० एवढंच मोठ्या अक्षरात.

रातपाळी:
सापडला रोग. आता नीट वाचा, कारण हे एकदा कळलं की पुढे कुणाला विचारायला लागणार नाही.
राउटरपर्यंत १ एमएस आहे म्हणजे वायफाय, वायर, राउटरची जागा, यातलं काहीही दोषी नाही. घरातून बाहेर पडताना जिथे २० ची मर्यादा लागते तिथे रांग लागलीय. टॉरेंट मिळेल तेवढा अपलोड ढकलत राहतं, २० च्या वर बाहेर जात नाही, उरलेलं राउटरच्या किंवा ओएनटीच्या (फायबर जिथे येतं तो डबा) मेमरीत थांबतं. २० एमबीपीएसवर ६०० एमएसची वाट म्हणजे दीड एमबी डेटा कायम तिथे उभा. आता बायकोच्या मीटिंगचं प्रत्येक पॅकेट त्या दीड एमबीच्या मागे जाऊन उभं राहणार. टीम्स, व्हॉट्सॲप कॉल यांना स्पीड फार लागतच नाही, त्यांना वेळेवर पोचणं लागतं. म्हणून त्यांचा आवाज आधी तुटतो.
आणि ८४ कुठे जातात याचं उत्तर: डाउनलोडसाठीसुद्धा अपलोड लागतं. आलेल्या पॅकेट्सची पोच तुमच्याकडून परत पाठवावी लागते, ती पोहोचली नाही तर समोरचा सर्व्हर पुढचं पाठवत नाही. पूर्ण १०० ने डाउनलोड करायचं तर नुसत्या पोचेसाठी दीड-दोन एमबीपीएस अपलोड लागतं. त्या पोचासुद्धा त्याच रांगेत अडकल्या की डाउनलोड रिकामं असूनही हळू. म्हणजे तुमचे ८४ कुठे गेले नाहीत, ते तिथेच आहेत, पण मागवताच येत नाहीयेत.
याला बफरब्लोट म्हणतात. २०१०-११ च्या सुमाराला जिम गेटिस नावाच्या माणसाने स्वतःच्या घरच्या नेटवर हे पकडलं आणि बोंब मारली, तोपर्यंत राउटर बनवणारे मेमरी जास्त म्हणजे चांगलं असंच धरून चालले होते. अजूनही बरेचसे तसेच आहेत म्हणा.

वायरीचा गुंता:
अरे देवा. म्हणजे मी उलट्या बाजूला लिमिट लावून बसलो होतो. किती लावू आता अपलोडला?

सांगलीची हळद:
२० आहे तर १६००० लावा की, ऐंशी टक्के. टूल्स मध्ये ऑप्शन्स, तिथं स्पीड म्हणून हाय बगा.

रातपाळी:
नाही हो हळदभाऊ, थांबा! प्लॅन असतो बिटमध्ये आणि क्यूबिटटोरेंट मागतं बाइटमध्ये. १६००० टाकलं तर ते १३० एमबीपीएस होतं, म्हणजे लिमिट असून नसल्यासारखी. २० एमबीपीएस म्हणजे २५०० केबी प्रति सेकंदच्या आसपास. त्याचे ऐंशी टक्के २०००. पण मी सुरुवातीला १५०० च सांगेन, घरात दोन मीटिंगवाले असतील तर त्यांचं व्हिडिओ अपलोडपण त्यातूनच जायचंय. शून्य टाकू नका, शून्य म्हणजे अमर्याद.
त्याच पानावर खाली म्यूटीपीला (टॉरेंटची डेटा पाठवायची एक पद्धत) लिमिट लावा असा पर्याय आहे त्यावर टिक आहे ना बघा. आणि ट्रान्सपोर्ट ओव्हरहेडला लिमिट लावा ही टिक बहुतेक नसेल, ती द्या.

सांगलीची हळद:
आयला, बरोबर हाय तुमचं. मी माझ्याकडं दोन वर्षं ८००० ठेवून बसलोय आणि वाटतंय लिमिट लावलीय. तरीच पोरगं गेम खेळताना बोंबलतंय.

वायरीचा गुंता:
लावलं १५००. पिंग एकदम ६०० वरून १५-२० च्या मध्ये! बायकोने आख्खी मीटिंग केली, एकदाही आवाज तुटला नाही. रातपाळी, तुम्हाला घरी बोलावून मिसळ खाऊ घालतो, नाशिकची.

चहाबाज:
मिसळीला आम्ही पण. डीएनएस सांगितलं होतं मी :)

अमेरिकेतली मावशी:
आमच्याकडे इथे केबल इंटरनेट आहे, डाउनलोड भरपूर आणि अपलोड जेमतेम १०-१५. मुलगा कॉलेजहून घरी आला की तासाभरात सगळ्यांचे कॉल तुटायला लागतात, मला वाटायचं कंपनीच मुद्दाम करते. आज जाऊन त्याच्या लॅपटॉपवर बघते. डाउनलोडवर पण लिमिट लावायची का?

रातपाळी:
मावशी, गरज पडली तरच. आधी अपलोड. फक्त अगदी ५-१० केबीवर आणून ठेवू नका, टॉरेंटचा हिशोबच देवघेवीचा आहे, तुम्ही काहीच दिलं नाही तर समोरचेही तुम्हाला शेवटच्या नंबरवर टाकतात आणि त्याचं डाउनलोड रडायला लागतं.

नागपुरी संत्री:
एक शंका आहे भाऊ. मी वाचलं होतं का म्यूटीपी वापरलं तर टॉरेंट आपोआपच मागे सरकते, दुसऱ्याले त्रास देत नाही. मंग लिमिट कायले पाहिजे?

रातपाळी:
चांगला प्रश्न. म्यूटीपी पॅकेटला बाहेर पडायला किती उशीर होतोय ते मोजत राहतं आणि उशीर वाढला की स्वतःचा वेग कमी करतं. २०१२ मध्ये त्याच कल्पनेचं आरएफसी ६८१७ (इंटरनेटच्या पद्धती लिहून ठेवतात ते कागदपत्र) आलं, लेडबॅट नावाने. पण दोन गोष्टी. एक, त्यात १०० एमएसपर्यंतचा उशीर चालवून घेतात, म्हणजे कॉलला ठीक पण गेमवाल्याला नाही. दुसरं म्हणजे तुमचं क्लायंट म्यूटीपी आणि टीसीपी (नेटवरची नेहमीची पद्धत) दोन्ही बोलतं, आणि टीसीपीवाले जोडीदार (देवघेव करणारी समोरची मशीन्स) असले काही सौजन्य पाळत नाहीत. हवं तर कनेक्शनच्या पानावर प्रोटोकॉल फक्त म्यूटीपी करा, थोडे जोडीदार कमी मिळतील. मी दोन्ही ठेवतो आणि लिमिट लावतो, सरळ काम.

वायरीचा गुंता:
मंडळी, परत आलो. कॉल आता तुटत नाहीत, पण एक नवीनच प्रकार. म्हणजे आधीपण असेल, तेव्हा सगळ्याच गोंधळात लक्षात आला नाही. दिवसातून केव्हातरी नवीन साईटच उघडत नाही. सर्व्हर सापडत नाही म्हणतं. गंमत म्हणजे त्याच वेळी बाबांचं यूट्यूबवरचं कीर्तन चालूच असतं, आईचा चालू कॉल पण तुटत नाही. आधीपासून चालू ठेवलेला पिंग बघितला, ९! राउटर बंद-चालू केला की बरं होतं, मग काही तासांनी पुन्हा. बायको म्हणते राउटरच बदलून टाक.

दुपारची झोप:
राउटर गरम होत असेल. टीव्हीच्या मागे नाही ना?

वायरीचा गुंता:
नाही हो, टीव्हीच्या मागे नाहीये :D

रातपाळी:
चालू असलेलं चालू राहतं आणि नवीन काही उघडत नाही, ही खूण लक्षात ठेवा. राउटरचा नॅट टेबल भरलाय. घरातलं प्रत्येक कनेक्शन बाहेर जाताना राउटर त्याची एक नोंद ठेवतो, कुठल्या मशीनचं कुठलं पोर्ट कुणाशी बोलतंय. स्वस्तातल्या राउटरला अशा मोजक्याच नोंदी ठेवता येतात. टॉरेंट शेकडो लोकांशी बोलतं, आणि त्यातले निम्मे निघून गेले तरी नोंद लगेच पुसली जात नाही. लॉजच्या रजिस्टरसारखं, गिऱ्हाईक पहाटेच्या एसटीने गेलंय पण चेक-आउट लिहिलं नाही म्हणून खोली भरलेलीच, आणि नवीन आलेल्याला काउंटरवरून परत पाठवतात. लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये तर चालू टीसीपी कनेक्शनची नोंद काहीच हालचाल नसेल तरी ४,३२,००० सेकंद राहते, म्हणजे पाच दिवस! राउटरवाले सहसा ते कमी करतात, पण सगळेच करतात असं नाही.
आणि डीएनएसची प्रत्येक विचारणा म्हणजे नवीन नोंद, म्हणून पहिला बोभाटा तिथेच होतो. चहाबाजांचा यात दोष नाही, सर्व्हर सापडत नाही असं दिसलं की कुणीही डीएनएसच बदलायला जाणार. बदलताना राउटर रीस्टार्ट होतो, टेबल रिकामा होतो, थोडा वेळ बरं वाटतं.
आता मला सांगा, क्यूबिटटोरेंटमध्ये एकूण किती टॉरेंट आहेत, आणि कनेक्शनच्या पानावर आकडे काय आहेत?

वायरीचा गुंता:
टॉरेंट... ४१२. मलाच धक्का बसला. बाबांनी एकही पुस्तक काढलेलं नाही यादीतून, झालेली सगळी सीडिंगमध्ये, म्हणजे दुसऱ्यांना देत बसलेली. जास्तीत जास्त कनेक्शन्स २०००, प्रत्येक टॉरेंटला ५००. रांगेची टिक (एका वेळी मोजकीच टॉरेंट चालवायची) काढून टाकलेली. भाच्याला फोन केला तर म्हणे मामा मी स्पीड वाढवण्याचा एक व्हिडिओ बघून केलं होतं.

रातपाळी:
हे स्पीड वाढवा व्हिडिओ बंदी घालण्यासारखे आहेत खरं तर. मूळ आकडे ५०० आणि १०० होते, तेसुद्धा आपल्या घरगुती डब्यांना जडच.
माझा हिशोब असा: एकूण १५०, प्रत्येक टॉरेंटला ३०-४०. डीएचटी (जोडीदार शोधायची सोय) सुद्धा यूडीपीवरून अनोळखी मशीन्सशी सतत बोलत असतं, त्याच्याही नोंदी होतात, पण ते लगेच बंद करू नका, आर्काइव्हच्या जुन्या पुस्तकांना आधीच कुणी जोडीदार नसतो. मुळात ती बरीचशी थेट त्यांच्या सर्व्हरवरूनच येतात.
मग बिटटोरेंटच्या पानावर रांग चालू करा. एका वेळी डाउनलोड ३, अपलोड ३, एकूण ५. आणि इथे एक खोच आहे, त्याच्याच खाली हळू टॉरेंट या मोजणीत धरू नका अशी टिक असते. ती दिलेली असेल तर तुमची ४१२ पैकी बहुतेक सगळी हळूच आहेत, म्हणजे ती पाचच्या मर्यादेत येतच नाहीत आणि सगळीच्या सगळी जागी राहतात. ती टिक काढा.
सीडिंगला रेशो १ झाला (घेतलं तेवढं देऊन झालं) की थांबवा हा पर्याय पण तिथेच आहे. लिनक्सच्या आयएसओला २ ठेवा हवं तर, देणाऱ्यांमुळेच चालतंय हे सगळं, पण कुणी मागतच नाही त्या पुस्तकासाठी राउटर झिजवण्यात अर्थ नाही.

मुक्कामपोस्ट:
पुस्तकांबद्दल एक सांगतो, मीही आर्काइव्हवरून उतरवतो. टॉरेंट टाकताना फायलींची यादी येते ती बघून घ्या. पीडीएफबरोबर जेपी२ ची मोठी झिप असते, पानांची कच्ची चित्रं, ती पीडीएफच्या कितीतरी पट. बाबांना वाचायला पीडीएफ पुरेल तर बाकीच्या टिक काढून टाका. ४१२ पुस्तकांत हार्ड डिस्क पण वाचेल. (बाबांकडे जुने दिवाळी अंक असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा!)

वायरीचा गुंता:
@मुक्कामपोस्ट बाबांना सांगितलं, ते आता तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणतायत. व्यनि करतो.
@रातपाळी सगळं केलं. राउटर एकदा रीस्टार्ट केला आणि त्यानंतर आठवडा झाला, हात लावलेला नाही. बायकोने राउटर बदलायचा विषय सोडला, आता म्हणते त्या पैशात मिक्सर.

नागपुरी संत्री:
मस्त. पण भाऊ रात्री तर कोणी जागं नसते, तेव्हा तरी मोकळं सोडा ना त्याले.

रातपाळी:
सोडा की. क्यूबिटटोरेंटमध्ये पर्यायी लिमिट आणि तिचं वेळापत्रक आहे. फक्त उलटसुलट करू नका, तिथे जी वेळ टाकाल त्या वेळात पर्यायी आकडे लागू होतात. म्हणजे मूळ आकडे दिवसाचे १५०० ठेवा, पर्यायीत २२०० टाका आणि वेळ १ ते ६. रात्रीसुद्धा पूर्ण २५०० देऊ नका, पहाटे कुणाचा अमेरिकेतून कॉल आला तर?

अमेरिकेतली मावशी:
आम्हीच ते पहाटे कॉल करणारे :) बरं, मुलाच्या लॅपटॉपवर टॉरेंट नव्हतंच. तरी अपलोड भरलेलं. टास्क मॅनेजरमध्ये नेटवर्कप्रमाणे क्रम लावला तर सर्व्हिस होस्ट डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन असं काहीतरी वर आलं. हा व्हायरस आहे का?

रातपाळी:
नाही मावशी, ते विंडोजचंच आहे आणि आहे मात्र टॉरेंटच्याच जातीचं. अपडेट तुम्ही उतरवलं की तुमचं मशीन ते दुसऱ्यांना वाटत बसतं. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, तिथे ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन. दुसऱ्या पीसीवरून डाउनलोड हे एक तर बंद करा नाहीतर फक्त घरातल्या नेटवर्कपुरतं ठेवा. इंटरनेटवरच्या पीसींना देऊ नका. अपलोडची टक्केवारीपण लावता येते तिथेच. आणि घरातल्या फोनवर फोटो बॅकअप, लॅपटॉपवर वनड्राइव्ह, तेही त्याच दारातून जातात. लग्नाहून आलेले चार जण एकाच वेळी वायफायवर आले की टॉरेंटशिवायच पिंग ६०० होतो.

सरळमार्गी:
मग प्रत्येक मशीनवर जाऊन लिमिट लावत फिरायचं का? काहीतरी एकाच जागी करता येत नाही?

रातपाळी:
येतं, आणि खरा उपाय तोच. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मोफत सॉफ्टवेअर) चालणारा राउटर घ्यायचा, त्यात एसक्यूएम (रांग सांभाळणारा भाग) टाकायचं, रांगेची पद्धत केक निवडायची, आणि अपलोड-डाउनलोड दोन्ही आकडे खऱ्या स्पीडच्या ९० टक्के द्यायचे. मग रांग ओएनटीत न लागता तुमच्या राउटरमध्ये लागते आणि केक तिथे प्रत्येकाला थोडं थोडं सोडतो, कुणा एकाला दार अडवू देत नाही. पण दोन अडचणी, त्याला राउटरचा प्रोसेसर बऱ्यापैकी लागतो, जुना डबा १०० एमबीपीएसच्या पुढे दमतो. आणि नॅट टेबल भरण्यावर याचा काही उपयोग नाही, कनेक्शनचे आकडे तरीही कमीच ठेवायचे. एकच मशीन त्रास देत असेल तर त्याच्यावर लिमिट लावणं फुकट आहे, म्हणून ते आधी सांगतो.

सांगलीची हळद:
माझ्याकडं रास्पबेरी पायवर (छोटा कॉम्प्युटर) ट्रान्समिशन हाय, टॉरेंटचंच सॉफ्टवेअर. अपलोडचा आकडा सेटिंग्जच्या फायलीत बदलतो, सेव करतो, पाय रीस्टार्ट केला की परत जुनाच. तीनदा केलं. कार्ड खराब झालंय काय?

रातपाळी:
कार्ड ठीक आहे. ट्रान्समिशन चालू असताना ती फाइल बदलली तर बंद होताना ते स्वतःच्या डोक्यातले जुने आकडे परत त्या फायलीत लिहून जातं. आधी सर्व्हिस थांबवा, मग बदला, मग चालू करा. आणि नुसता आकडा टाकून भागत नाही, त्याच्या खालची इनेबल्डवाली ओळ ट्रू करायला लागते, ती मूळची फॉल्स असते. एकूण जोडीदार २०० असतील तेही १०० करा. फायलीच्या भानगडीत पडायचं नसेल तर ब्राउझरमधून उघडून खालचं कासवाचं बटण दाबा, पोरगं गेम खेळतंय तेवढा वेळ.

सांगलीची हळद:
झालं. सर्व्हिस थांबवून केलं, ऱ्हायलं बगा यावेळी. पोरगं म्हणतंय पिंग २४, पण हरायलंय तरी.